सावळी नायिका, गोरी नटी

आयोजकांनी आम्हाला विषय दिला तो असा: माध्यमं, संस्कृती आणि स्त्रीचं शरीर. विषय एवढा मोठा आहे की तासाभरात त्याचं नुसतं सूतोवाच होईल. म्हणून आम्ही त्यातला एकच धागा धरायचा ठरवलं. तो धागा म्हणजे रंग. त्वचेचा रंग.

आधी आमच्याबद्दल दोन वाक्यं. आम्ही काही जणी महिन्यातून एकदा एकत्र बसतो आणि जाहिराती, मालिका, लग्नाचे बायोडेटा असलं साहित्य वाचतो. "वाचतो" हा शब्द मुद्दाम वापरतोय. कविता वाचताना आपण जसं विचारतो, की हाच शब्द का, तोच प्रश्न फॉर्मला आणि क्रीमच्या डबीला विचारून बघायचा. आज बोलतोय ते त्या बैठकांमधून आलेलं आहे. त्यात आमच्याही चुका आहेत, कारण आम्हीही याच घरांत वाढलो.

सुरुवात बायोडेटापासून करू. विवाहमंडळाचा फॉर्म आठवा. नाव, जन्मतारीख, उंची, रास, नाडी, जात, पोटजात. आणि मग एक रकाना: वर्ण. त्यापुढे लिहायचं गोरा, निमगोरा, गव्हाळ किंवा सावळा. आता "वर्ण" या शब्दाकडे जरा थांबून बघा. चातुर्वर्ण्यातला वर्णही तोच आणि चेहऱ्याचा वर्णही तोच. एकाच फॉर्मवर आपण एकाखाली एक जात आणि वर्ण लिहितो आणि या दोघांचं नातं काय, हे कधी विचारत नाही. पण नातं आहे. नव्या सुनेकडे बघून एखाद्या मावशी म्हणतात, "छान आहे हो, अगदी आपल्यातली वाटते." हे कौतुक रंगाचं की जातीचं? खरं म्हणजे दोन्हींचं. गोरेपणाची ओढ इंग्रजांनी आणली, असं म्हणून आपल्याला सुटता येत नाही. त्यांनी तिला बळ दिलं असेल. पण उन्हात कोण राबतं आणि सावलीत कोण बसतं, याची वाटणी आपल्याकडे त्यांच्या आधीपासून होती.

मुलाच्या फॉर्मवरही हा रकाना असतो, हे आम्हाला मान्य आहे. पण खाली "अपेक्षा" लिहायची वेळ आली की फरक दिसतो. मुलाकडून अपेक्षा नोकरीची, स्वतःच्या फ्लॅटची. मुलीकडून शिक्षणाची, नोकरीची, आणि शिवाय "गोरी किंवा निमगोरी". "निमगोरी" हा तर अजब शब्द आहे. अर्धी परीक्षा पास झाल्यासारखा.

आपली भाषा या बाबतीत दोन तोंडांनी बोलते. एकीकडे "उजळ माथ्याने" फिरणारा माणूस निर्दोष असतो, कुणी लाज आणली तर तो "तोंड काळं करतो", निषेध करायचा तर आपण "काळं फासतो". दुसरीकडे शेतकरी जमिनीला काळी आई म्हणतो. संक्रांतीला काळी साडी हौसेने नेसतो. मंगळसूत्रात मणी काळे. पंढरपूरला ज्याच्या पायावर डोकं ठेवतो तो सावळा. मांढरदेवीला जिच्या दर्शनाला जातो ती काळुबाई. म्हणजे जमीन काळी चालते, देव सावळा चालतो, साडी काळी चालते. फक्त मुलगी चालत नाही. यावरून एक गोष्ट निघते. काळ्या रंगाबद्दल आपल्याला सरसकट घृणा नाही. ज्या शरीराला बाजारात उभं करून पसंत-नापसंत करायचं असतं, त्या शरीरावर हा रंग नको असतो.

आता या बाजारात जाहिरात कशी शिरली ते बघू. १९७५ साल. संयुक्त राष्ट्रांनी ते आंतरराष्ट्रीय महिला वर्ष म्हणून जाहीर केलं होतं. आदल्याच वर्षाच्या शेवटी भारतातल्या स्त्रियांच्या स्थितीवरचा "समानतेकडे" हा अहवाल सरकारला सादर झाला होता. पुण्यात स्त्रीमुक्ती परिषदेसाठी महाराष्ट्रभरातून बायका जमल्या. त्याच १९७५ साली हिंदुस्तान लिव्हरने फेअर अँड लव्हली बाजारात आणली. हा योगायोगच आहे, त्यात कटबिट शोधायचं कारण नाही. पण पुढची पंचेचाळीस वर्षं या दोन गोष्टी शेजारी शेजारी चालल्या, आणि एकीने दुसरीचे शब्द कसे उचलले हे बघण्यासारखं आहे.

सुरुवातीच्या जाहिरातींत गोष्ट सरळ होती. क्रीम लावा, लग्न जमेल. पुढे मुली शिकल्या, नोकरी मागू लागल्या, आणि जाहिरातही बदलली. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ती हवाईसुंदरीची जाहिरात आठवत असेल. घरात पैशांची चणचण. वडील हळहळतात, आपल्याला मुलगा असता तर! सावळी मुलगी ते ऐकते. क्रीम लावते, उजळते, विमान कंपनीत नोकरी मिळवते आणि आई-वडिलांना मोठ्या हॉटेलात कॉफी प्यायला घेऊन जाते. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने या जाहिरातींविरुद्ध तक्रारी लावून धरल्या आणि २००३ मध्ये ती जाहिरात पडद्यावरून गेली.

आमच्या बैठकीत ही जाहिरात आम्ही जवळजवळ दोन तास चर्चिली. पहिल्यांदा सगळ्यांनी तिला शिव्या घातल्या. मग एकीने विचारलं, "यातलं चुकीचं काय आहे, ते एका वाक्यात सांगा." आणि आम्ही अडलो. कारण मुलीने कमवावं हे बरोबर. मुलगी मुलाइतकीच घराचा आधार आहे, हेही बरोबर. ही तर स्त्रीचळवळीचीच मागणी. जाहिरातीने ती मागणी जशीच्या तशी उचलली आणि तिच्या वाटेवर एक टोलनाका बसवला. पुढे जायचंय ना, जा की. फक्त इथे रंगाचा टोल भरा. मुक्काम बदलला, लग्नाऐवजी नोकरी आली. अट मात्र तीच राहिली. जाहिरातीचं कसब इथे आहे. ती जुनाट विचार विकत नाही. नवा विचारच विकते, पण जुन्या अटीवर.

पुढचा इतिहास थोडक्यात. २००५ मध्ये पुरुषांसाठी वेगळं गोरेपणाचं क्रीम आलं आणि मोठमोठे नट ते विकू लागले. २०१४ मध्ये जाहिरात मानक परिषदेने नियम केले, की सावळी व्यक्ती दुःखी, अनाकर्षक किंवा नोकरी-लग्नात मागे पडलेली दाखवायची नाही. २०२० मध्ये, अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर जगभर वर्णद्वेषाविरुद्ध आवाज उठला तेव्हा, कंपनीने नावातला "फेअर" काढून "ग्लो" केलं. त्याच सुमारास एका मोठ्या विवाह संकेतस्थळाने वर्णानुसार स्थळं गाळून बघायची सोय काढली. ही पावलं आम्ही क्षुल्लक मानत नाही. त्यामागे अनेक स्त्रियांची वर्षानुवर्षांची मेहनत आहे. पण मराठी माणसाला "ग्लो" या शब्दाने फसवणं अवघड जायला हवं. कारण ही युक्ती आपल्या घरात आधीपासून आहे. "गोरी" म्हणायला संकोच वाटला की आपण "उजळ" म्हणतो. "काळी" म्हणवत नाही म्हणून "सावळी" म्हणतो, आणि "सावळी" म्हणवत नाही म्हणून "गव्हाळ". शब्द सौम्य झाला तरी पट्टी तीच राहते.

आता आजच्या मुख्य उदाहरणाकडे येतो. "रंग माझा वेगळा" ही मालिका. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये स्टार प्रवाहवर सुरू झाली. मूळ मल्याळम मालिका, "करुत्तमुत्तु". मराठीत नायिका दीपा, रंगाने सावळी. तिची सासू सौंदर्या, जिला गोरेपणाशिवाय काही दिसत नाही. नवरा कार्तिक, डॉक्टर. सावत्र बहीण श्वेता, गोरी आणि कारस्थानी.

आधी मालिकेच्या बाजूने बोलू. रोज संध्याकाळी, जेवणाच्या वेळेला, लाखो घरांत एक सावळी मुलगी मधोमध उभी होती. तिला हिणवणारी बाई चुकीची आहे, हे प्रेक्षकाला ठामपणे सांगितलं जात होतं. ज्या घरात मुलीला "उन्हात जाऊ नकोस, काळी पडशील" असं दिवसातून दोनदा ऐकवतात, त्या घरातली आजी दीपासाठी डोळ्याला पदर लावत होती. हे थोडं नाही. आमच्यातल्याही दोघी ती मालिका मन लावून बघायच्या आणि त्याबद्दल त्यांना अजिबात लाज नाही.

पण दीपाची भूमिका करणारी रेश्मा शिंदे ही अभिनेत्री सावळी नाही. रोज मेकअप करून तिचा रंग गडद केला जायचा. अभिनेत्रीबद्दल आमची तक्रार नाही. तिने काम मनापासून केलं आणि लोकांनी तिच्यावर प्रेम केलं. प्रश्न निवडीचा आहे.

यावर नेहमी एक उत्तर मिळतं: अभिनय म्हणजे सोंगच. डॉक्टरची भूमिका करायला डॉक्टर लागतो का? युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण तो टिकत नाही. डॉक्टरला त्याच्या व्यवसायामुळे नटाचं काम नाकारलं जात नाही. सावळ्या अभिनेत्रीला मात्र रंगामुळे नायिकेचं काम नाकारलं जातं. तिला घरची मोलकरीण, गावातली बाई, नायिकेची मैत्रीण अशा भूमिका येतात. मग शंभरात एक गोष्ट अशी येते की जिथे नायिकाच सावळी आहे. निदान तिथे तरी दार उघडायला हवं ना? तिथेही गोरी नटी आणून तिला रंगवायचं, म्हणजे आपल्याला सावळेपणाची गोष्ट हवी आहे, सावळी बाई नको आहे. हिंदीतही २०१९ च्याच "बाला"मध्ये भूमी पेडणेकरला असंच गडद केलं होतं आणि त्यावर टीका झाली. मराठीत तेवढी चर्चा झाली नाही, ती व्हायला हवी होती.

दुसरा मुद्दा त्याहून महत्त्वाचा वाटतो. दीपा कशी आहे? गुणी, सोशिक, सगळ्यांना मदत करणारी, अपमान गिळणारी. "रंगाने सावळी, पण मनाने…" या वाक्यातला "पण" ऐका. गोऱ्या मुलीच्या वाक्यात तो नसतो. "गोरी आणि हुशार" असं आपण म्हणतो. सावळीच्या वाट्याला "सावळी पण हुशार" येतं. म्हणजे तिच्या खात्यात आधीच काही वजा आहे आणि ते गुणांनी भरून काढायचं आहे. दीपा साधी, चिडकी, आळशी असती तर? तिचा अपमान तेव्हाही तितकाच चुकीचा नसता का? मालिका हा प्रश्न येऊ देत नाही. उलट गोरी ती दुष्ट आणि सावळी ती चांगली, अशी वाटणी करते. पट्टी उलटी धरली, तरी मोजमाप रंगानेच होतं.

मग वेगळं काय करता येतं? ते मराठीतच झालेलं आहे. मुंबई दूरदर्शनवर बातम्या देणारी सावळी मुलगी, स्मिता पाटील, "जैत रे जैत" आणि पुढे १९८२ मध्ये "उंबरठा"ची नायिका झाली. "उंबरठा"त घर आणि काम यांच्यामध्ये अडकलेल्या बाईची गोष्ट आहे. रंग हा त्या गोष्टीचा विषयच नाही. "सैराट"ची आर्ची घ्या, २०१६. बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, रागावते, प्रेमात पुढाकार घेते. सिनेमा जातीबद्दल पोटतिडकीने बोलतो, पण नायिकेच्या वर्णाबद्दल तिची कीव करायला आपल्याला सांगत नाही. आम्हाला वाटतं, खरी समता ही आहे. सावळ्या बाईला सावळेपणा सोडून दुसरी कुठलीही गोष्ट जगता येणं.

इथे प्रेक्षकांतून हमखास एक प्रश्न येतो, म्हणून आधीच घेतो. मालिका आणि जाहिराती बघून खरंच कुणी बदलतं का? लोक काय एवढे भोळे असतात? याचं उत्तर आम्ही लांबून आणतो, फिजी बेटांवरून. तिथे परंपरेने भरलेलं, धडधाकट शरीर चांगलं मानलं जायचं. कुणी बारीक झालं तर घरच्यांना काळजी वाटायची. आपल्याकडची आजी "किती वाळलीस गं, जेवतेस ना?" म्हणते, तसंच. १९९५ मध्ये तिथल्या एका भागात टीव्ही आला. अ‍ॅन बेकर या अमेरिकन संशोधिकेने टीव्ही आला तेव्हा आणि नंतर १९९८ मध्ये शाळकरी मुलींची पाहणी केली. खाण्याबद्दल चिंताजनक वृत्ती असणाऱ्या मुलींचं प्रमाण १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेलं होतं. वजन कमी करायला मुद्दाम उलटी करणारी मुलगी पहिल्या खेपेला एकही नव्हती, दुसऱ्या खेपेला ११.३ टक्के होत्या. पाहणी लहान होती, दोन्ही खेपांना साठ-पासष्ट मुली. त्या काळात फिजीत टीव्हीशिवाय इतरही बदल होत होते. त्यामुळे सगळं खापर टीव्हीवर फोडू नये. पण आजीची नजर तीन वर्षांत हरू शकते, एवढं त्यातून कळतं.

आपल्याकडे तर आजीची नजर आणि टीव्हीची नजर एकाच दिशेला आहे. म्हणून धोका जास्त. डाळीचं पीठ आणि साय लावली तर फार काही बिघडत नाही. गरोदर सुनेला बाळ गोरं व्हावं म्हणून केशर घातलेलं दूध दिलं, तर दूध पोटात गेलं एवढाच फायदा. पण तिथून मुलगी पुढे जाते ती औषधाच्या दुकानात. स्टेरॉइड असलेली मलमं गोरेपणासाठी महिनोन्महिने चोळली जातात. त्यांनी त्वचा पातळ होते, लाल पडते, चेहऱ्यावर लव वाढते, आणि मलम थांबवलं की आग होते म्हणून मुलगी पुन्हा तेच लावते. त्वचारोगतज्ज्ञांनी वर्षानुवर्षं ओरड केल्यावर २०१८ मध्ये अशी अनेक मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई झाली. चिठ्ठीशिवाय ती मिळतात की नाही, हे तुम्ही आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानात विचारून बघा.

त्याहून वाईट म्हणजे पारा. पाऱ्यामुळे त्वचेत रंगद्रव्य तयार होणं थांबतं, म्हणून चोरटी, लेबल नसलेली क्रीमं त्याच्यावर चालतात. कायद्याने बंदी आहे, तरी चालतात. पारा त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडाची गाळणी बिघडवतो. केरळमधल्या डॉक्टरांना मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे रुग्ण अचानक वाढलेले दिसले. चौकशी केली तेव्हा त्यांतले बरेच जण गोरेपणाचं क्रीम लावणारे निघाले. पायावर सूज, लघवीला फेस, आणि कारण काय तर लग्नाआधी चार महिने लावलेली डबी. आम्ही आधी टोलनाका म्हटलं ना? काही जणी हा टोल मूत्रपिंडाने भरतायत.

शेवटचा मुद्दा वागणुकीचा. २०२५ च्या जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सातारा जिल्ह्यातल्या एका जुन्या खटल्यात निकाल दिला. १९९८ मध्ये एका तरुण विवाहितेने आत्महत्या केली होती. नवरा रंगावरून टोमणे मारतो, दुसरं लग्न करीन म्हणतो, अशी तिची तक्रार माहेरी सांगितलेली होती. खालच्या न्यायालयाने नवऱ्याला शिक्षा दिली होती, उच्च न्यायालयाने त्याला सोडलं. टोमणे हे घरगुती भांडणाच्या स्वरूपाचे आहेत, फौजदारी कायद्यातल्या छळाच्या पातळीला ते जात नाहीत, असा त्या निकालाचा रोख होता. दोन वर्षं आधी, २०२३ मध्ये, कर्नाटक उच्च न्यायालयाने एका नवऱ्याला घटस्फोट दिला. बायको त्याला काळा म्हणून हिणवते, ही क्रूरता आहे असं तिथे मानलं गेलं.

हे दोन निकाल शेजारी ठेवून "बघा, कायदा पुरुषांचा" असं म्हणणं सोपं आहे, आणि आम्ही ते म्हणणार नाही. एक खटला फौजदारी होता, दुसरा घटस्फोटाचा. पहिल्यात माणूस तुरुंगात जातो, म्हणून पुरावा कडक लागतो. तो लागायलाच हवा. पण एक अस्वस्थ करणारी गोष्ट उरते. पुरुषाला काळा म्हटलं की तो अपमान म्हणून लगेच ऐकू येतो, कारण त्याला तसं म्हणायची रीत नाही. बाईला म्हटलं की ते घरातल्या भांड्याला भांडं लागल्यासारखं वाटतं. इतकं नेहमीचं, की त्याचा आवाजच येत नाही. न्यायालयाची खुर्ची समाजाच्या बाहेर नसते. जे आपण घरात टोमणा म्हणून खपवून घेतो, ते तिथे पोचल्यावर गुन्हा वाटेल अशी अपेक्षा कशी करायची? छळ म्हणून ते आपल्याला आधी ऐकू यायला हवं, स्वयंपाकघरात आणि बैठकीच्या खोलीत.

आम्ही या व्याख्यानाची तयारी करत असताना आमच्यातल्या एकीच्या घरी बारसं होतं. पाळण्यात मुलगी. आलेली पहिली बाई वाकली आणि म्हणाली, "रंग कोणाचा घेतलाय हो?" आणि आमच्यातलीच एक, जी हा विषय दोन वर्षं वाचतेय, पटकन बोलून गेली, "आत्ता सावळी वाटते, पण उजळेल." बोलल्यावर तिला कळलं. पण तोवर वाक्य पाळण्यात पडलं होतं. बारा दिवसांच्या मुलीच्या खात्यात पहिली वजाबाकी झाली होती, आणि करणारी आमच्यातलीच होती.

म्हणून आम्ही मोठं आवाहन करत नाही. मालिका लिहिणाऱ्यांनी सावळ्या अभिनेत्रींना काम द्यावं, औषध दुकानदारांनी चिठ्ठी मागावी, विवाहमंडळांनी वर्णाचा रकाना काढावा. हे सगळं व्हायला हवं आणि त्यासाठी भांडायला हवं. पण आज इथून घरी गेल्यावर एक करता येईल. घरात कुणाचा बायोडेटा तयार होत असेल तर तो रकाना कोरा सोडा. समोरच्यांनी फोन करून विचारलं, "वर्ण लिहिला नाही?", तर म्हणा, "हो, लिहिला नाही." एवढंच. पुढचं त्यांना बोलू द्या.

आता प्रश्न घेऊ.